खरी सुई

"आई गं! मेलो, मेलो!" असं ओरडून दादूच्या बाबांनी खुर्चीत मान टाकली.

"मेलात, तर चहा कुणासाठी ठेवू?" छोटूच्या आईने शिलाई मशीनवरून नजर न उचलता विचारलं.

"अर्धा कप ठेवा. अर्धाच मेलोय."

मिठूच्या आईने हसू दाबलं. टोपण घातलेली सुई तिने त्यांच्या कोपराच्या खळीवरून उचलली, तिथे कापसाचा बोळा ठेवला आणि त्यांचा हात दुमडून दिला. हात कसला, झाडाचं खोडच. दादूचे बाबा बांधकामांवर क्रेन चालवायचे. एवढ्या देहाचा माणूस दर रविवारी बंद टोपणाच्या सुईने मरायचा आणि चहा पिऊन पुन्हा जिवंत व्हायचा.

मिठू दाराजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती सरळ कुणाकडे बघत नसे, पण तिला दिसत सगळं असे. दादूचे बाबा उठले तशी ती आली, खुर्चीत बसली, स्वतःच बाही वर सरकवली आणि हात उशीवर ठेवला. आईने रबरी पट्टा बांधला. पट्ट्याचा घट्टपणा मिठूला आवडायचा. तो बांधला की ती हलकेच हुंकार द्यायची. मग स्पिरिटचा गार बोळा. मग दोन बोटांनी शिरेवर टकटक. मग सुई, टोपणासकट. मग कापूस. मग हात दुमडणं.

"झालं," मिठू म्हणाली.

तिच्याकडे मोजकेच शब्द होते आणि त्यात हा सगळ्यात पक्का. संपलेल्या प्रत्येक गोष्टीला ती 'झालं' म्हणायची: अंघोळीला, रस्त्याला, पाहुण्यांना. पाहुणे उठले नसले तरी.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्यांचा आवाज अर्ध्या मुलांना सहन होत नसे. छोटूच्या आईने फक्त मशीन थांबवलं आणि मिठूच्या आईकडे बघून मान हलवली.

ही छोटूच्या आईची शिवणाची खोली. आठवडाभर तिथे बायका मापं द्यायला यायच्या. रविवारी दुपारी ही मंडळी जमायची, आपापली मुलं घेऊन. कधी चार घरं, कधी सात. नवीन येणाऱ्याला नियम पहिल्याच दिवशी सांगितला जाई: आज रडायला मुभा आहे, पुढच्या रविवारपासून कप विसळायचे. दुसरा नियम कुणी सांगत नसे, पण पाळत सगळे. 'आता सुधारणा आहे का?' असं इथे कुणी कुणाला विचारायचं नाही.

मिठूची आई पहिल्या दिवशी रडली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर बसून नुसती बघत राहिली होती. कोपऱ्यात बावीस वर्षांचा दादू मापाची फीत गुंडाळत आणि उलगडत होता. छोटू कापडाच्या ढिगात मानेपर्यंत शिरून बसला होता. कुणी त्यांना 'नीट बस' म्हणत नव्हतं. तासाभराने आपले खांदे खाली आले आहेत हे तिच्या लक्षात आलं. ते वर चढलेले होते हेही तेव्हाच कळलं.

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. विज्ञानाची पदवी, वर तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, आणि अठरा वर्षांचा सराव. लहान बाळांच्या, म्हाताऱ्यांच्या, केमोने शिरा करपलेल्या माणसांच्या हातात तिला शीर सापडायची. लॅबमध्ये पेशंट अडून बसायचे, "त्या हलक्या हाताच्या ताई कुठे आहेत? त्याच हव्यात."

म्हणूनच नणंदेने परवा फोनवर ऐकवलं होतं, "सगळ्या गावाला टोचत फिरतेस आणि पोटच्या पोरीचं रक्त काढता येईना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच गं बाई."

मिठूच्या दोन दाढा किडल्या होत्या. हे कळायलाच वेळ लागला, कारण दुखतंय हे मिठू सांगत नसे. ती फक्त जेवेनाशी झाली. मग तिने मूठ वळून स्वतःच्या गालावर मारायला सुरुवात केली. आईने टॉर्च घेऊन झोपेत तिचं तोंड उघडून बघितलं तेव्हा उलगडा झाला. आता ती दुधात भिजवलेल्या पावावर होती आणि गालावर निळा डाग पडला होता. दाताचे डॉक्टर म्हणाले, जागेपणी ही तोंड उघडू देणार नाही, भूल देऊन काढू. भुलीच्या डॉक्टरांना आधी रक्ताचा रिपोर्ट हवा. एवढंच.

एवढंच! मिठू पाच वर्षांची असताना तापात एकदा तिचं रक्त घेतलं होतं. चार जणांनी तिला पलंगावर दाबून धरलं होतं. एकाने खांदे, एकाने डोकं, एकाने हात. पाय आईकडे होते. रक्त मिळालं. पण त्यानंतर वर्षभर मिठू भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचाच फ्रॉक घालायची आणि कुणी जवळ आलं की दोन्ही हात फ्रॉकच्या आत ओढून घ्यायची. बिनहातांची पोर घरभर फिरायची.

"पुन्हा तसं करायचं नाही," मिठूच्या आईने महिन्याभरापूर्वी इथे, याच खोलीत सांगितलं होतं. "पण मग कसं करायचं ते मला माहीत नाही."

"अगं, छोटूचे केस कसे कापले मी?" छोटूची आई म्हणाली होती. "नुसती कात्री हातात घेऊन बसायचे. रोज. त्याच्याकडे बघायचंही नाही. मग एक दिवस माझेच केस कापले, त्याच्यासमोर. हे एवढे. आमचे हे म्हणाले, बायको कुठे गेली?"

"मग मिठूसमोर कुणाला टोचायचं?"

सगळ्यांनी एकाच वेळी दादूच्या बाबांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ते म्हणाले. "सुईचं नाव काढलं तरी मला घाम फुटतो. वर ढगात बसून काम करतो, तिथे काही होत नाही. पण सुई... नको."

"टोपण काढणारच नाही," मिठूची आई म्हणाली होती. "नुसतं नाटक."

"मग घ्या हात. दोन्ही घ्या."

असा तो सराव सुरू झाला. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मिठूची आई कॉलेजात शिकली होती आणि ते तिने इथे काटेकोर पाळलं. आधी नुसती खुर्ची. मग खुर्ची आणि उशी. पुढच्या वेळी पट्टा. मग लॅबमधलेच हातमोजे, लॅबमधलाच पांढरा डगला, कारण आई डगल्यात वेगळी दिसते. मग स्पिरिटचा वास. एका संध्याकाळी लॅब रिकामी असताना तिने मिठूला तिथली खुर्चीही दाखवून आणली. प्रत्येक पायरीला मिठू अडायची, एखादा दिवस पाठ फिरवून उभी राहायची, आणि मग ती पायरी स्वतःची करून टाकायची. दादूच्या बाबांचं ओरडणंही तिने आपलंसं केलं होतं. ते ओरडले नाहीत तर ती खुर्चीत बसायची नाही.

"बघा," ते म्हणायचे, "माझ्या मरणावाचून या पोरीचं पान हलत नाही."

गुरुवारी दुपारी लॅब पेशंटसाठी बंद झाली, तेव्हा मोठ्या मॅडमनी किल्ली मिठूच्या आईच्या हातात दिली. "तुमची जबाबदारी. आणि घाई करू नका," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

दादूच्या बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. छोटूची आई दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगून आली होती. मिठूचे बाबाही आले होते. ते छापखान्यात रविवारीही कामाला असत, त्यामुळे त्यांनी सराव कधी बघितला नव्हता. मिठूची आई रात्री जेवताना सांगे तेवढाच त्यांना ठाऊक. मिठू हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ती बोलणार नाही हे कळल्यावर बहिणीने सुचवलं होतं, आता ते नाव बदल, लोक हसतात. ते म्हणाले होते, "पोपट बोलला नाही म्हणून कावळा होतो का?"

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. दादूचे बाबा बसले, पट्टा बांधला, टकटक झाली, टोपण घातलेली सुई टेकली. "आई गं! मेलो, मेलो!" मान पडली. कापूस आला. ते उठले.

मिठू आली. बाही वर केली. हात उशीवर ठेवला.

आईने पट्टा बांधला. मिठूचा हुंकार आला. शीर छान वर आली, बोटाखाली मऊ, भरलेली. गेले काही रविवार ती या शिरेला ओळखत होती. स्पिरिट. टकटक. तिने सुई उचलली आणि टोपण काढलं.

मिठूने हात मागे घेतला नाही. ओरडलीही नाही. ती सुईकडे बघत राहिली, सरळ, जशी ती कधीच कशाकडे बघत नसे. मग दुसऱ्या हाताने तिने ट्रेमधलं टोपण उचललं आणि ते सुईवर परत बसवायला गेली.

आईने पटकन सुई बाजूला घेतली. मिठू टोपण पुढे धरून थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी चुकलं आहे आणि आपण ते नीट करून देतोय, असा भाव होता.

"आता?" मिठूच्या बाबांनी हळूच विचारलं.

आईने पट्टा सोडला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दादूचे बाबा मेले, पुन्हा मिठू बसली, पुन्हा टोपण निघालं आणि पुन्हा मिठूने ते उचललं. या वेळी तिचा हुंकार वेगळा होता, उंच. दुसरी मूठ गालाकडे गेली. एकदा. दोनदा.

"अगं, ती मारून घेतेय," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे. मी खांदे धरतो. दादूचे बाबा हात धरतील. होऊन जाऊ दे एकदाचं. दाढ तरी निघेल पोरीची."

"नाही."

"मग किती दिवस दूध-पाव? मला बघवत नाही गं तिचा गाल."

"मलाही नाही बघवत."

ती स्टुलावर बसली. हातात उघडी सुई होती. खोली बदलली, खुर्ची बदलली, डगला, मोजे, वास, उजेड, सगळं आपण एकेक करून बदललं, ती मनात मोजत होती. राहिलं काय? आणि मग राहिलेलं तिच्या हातातच दिसलं. सगळं खरं होतं. फक्त ज्याच्यासाठी सगळं चाललं होतं तेवढंच खोटं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी तिला शिकवलं की सुई टोचत नाही. सुई म्हणजे टोपणासकट. ती शिकली, अगदी बरोबर शिकली. आता मी टोपण काढून टोचलं तर ती म्हणेल, आईने फसवलं. मग ती हात कधीच देणार नाही. मला काय, कुणालाच नाही."

"सुई दुखते, यावर आपण कुणीच बोललो नाही," छोटूची आई म्हणाली. "इतके रविवार."

"पोरीला त्रास नको म्हणून," मिठूची आई म्हणाली.

"आपल्याला नको म्हणून," छोटूची आई हळूच म्हणाली.

दादूचे बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सुईकडे बघितलं, मग मिठूकडे, मग परत सुईकडे. कपाळावर घाम डवरला होता. त्यांनी शर्टाची बाही आणखी वर सरकवली.

"खरी टोचा," ते म्हणाले.

"अहो, तुम्हाला..."

"मला काय होतंय ते मी बघतो. ताई, लवकर. विचार बदलायच्या आत."

मिठूच्या आईने ती सुई टाकून दिली आणि नवीन घेतली. ते खुर्चीत बसले. पट्टा बांधला. मिठू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, नेहमीसारखी.

"मिठू," आई म्हणाली, "टोपण काढते. सुई टोचते. दुखतं. थोडं. मग संपतं."

तिने टोपण काढलं आणि सुई आत घातली.

दादूचे बाबा ओरडले नाहीत. त्यांनी डोळे गच्च मिटले, ओठ दाबले आणि नाकाने लांब श्वास घेतला. ट्यूबमध्ये रक्त येऊ लागलं. त्या शांततेने मिठू वळली. आधी ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, जिथून आवाज यायला हवा होता. मग हाताकडे. मग ट्यूबमध्ये वर चढणाऱ्या लाल रेषेकडे. ती जवळ आली, इतकी जवळ, की तिचा श्वास आईच्या मनगटाला लागला.

सुई निघाली. कापूस. हात दुमडला. मिठूने त्यांचा हात उलगडला, कापूस उचलला, त्यावरचा लाल ठिपका पाहिला आणि कापूस होता तिथे परत ठेवून हात दुमडला.

"मेलात?" छोटूच्या आईने विचारलं.

"बोलू नका," दादूचे बाबा पुटपुटले. "बाहेर बाकावर बसतो जरा."

छोटूची आई स्वतःहून खुर्चीत बसली. "माझंही घे. आणि काढतेच आहेस तर साखर बघून टाक, फुकटात." तिला टोचलं तेव्हा ती 'स्स' म्हणाली. मिठूने तिचाही कापूस उचलून पाहिला.

मग मिठूचे बाबा. त्यांनी कुणी सांगायच्या आत बाही वर केली. सुई जाताना ते मिठूकडे बघत होते. "दुखलं गं, मिठू," ते म्हणाले. "खरंच दुखलं. पण चालतंय." मिठूने त्यांचा कापूस पाहिला. मग आईच्या मागे जाऊन तिच्या डगल्याची बाही ओढली.

"माझंही?" आई म्हणाली.

मिठूने पुन्हा बाही ओढली.

मोठ्या मॅडम दारात येऊन कधी उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी चष्मा वर सरकवला. "बसा," त्या म्हणाल्या. "माझा हात तुमच्याइतका हलका नाही, आधीच सांगते." आणि खरंच नव्हता. मिठूच्या आईला जोरात कळ लागली. किती वर्षांत आपल्याला कुणी टोचलं नव्हतं, आणि ही कळ नेमकी कशी असते हे आपण विसरलो होतो, असं तिच्या मनात आलं. कळ ओसरायची वाट न बघता ती म्हणाली, "आई गं." नाटक न करता.

मिठूने आईचा कापूस उचलला. बराच वेळ पाहिला. खाली ठेवला.

मग ती खुर्चीत बसली. बाही वर केली आणि हात उशीवर ठेवला. दुसरा हात तिने मांडीखाली दाबून धरला.

आईने नवीन मोजे घातले. कुणी हललं नाही. बाबा पुढे सरकले आणि थांबले. खांदे धरायला उचललेले हात त्यांनी पाठीमागे बांधले. पट्टा. हुंकार. स्पिरिट. टकटक.

"टोपण काढते. दुखेल. थोडं."

टोपण निघालं. मिठूची मांडीखालची बोटं ताणली गेली. सुई आत गेली तेव्हा तिच्या घशातून एक आवाज आला, बारीक, लांबट, आईने आजवर कधी न ऐकलेला. सगळं अंग ताठ झालं. पाय जमिनीवरून उचलले गेले, मान वळली. पण उशीवरचा हात होता तिथेच राहिला. तो हात तिने धरून ठेवला होता, स्वतः.

जांभळ्या बुचाची ट्यूब भरत आली. पट्टा सुटला, सुई निघाली, कापूस ठेवला.

मिठूने हात दुमडला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं असतं हे तिच्या गावी नव्हतं. ती उठली, बाहेर बाकावर बसलेल्या दादूच्या बाबांच्या शेजारी जाऊन बसली आणि कापूस उचलून त्यांना दाखवला. मग 'झालं' म्हणाली.

"झालं, बाळा," ते म्हणाले. "झालं."

रक्त ट्यूबमध्ये गेलं की ती लगेच हलकेच उलटी-सुलटी करायची असते, नाहीतर गुठळी होते. मिठूची आई ते करत टेबलाशी उभी राहिली. दार उघडं होतं. बाहेरून मिठूच्या बाबांचं नाक शिंकरणं ऐकू आलं. मग छोटूची आई काहीतरी बोलली आणि थोडं हसणं झालं. मग दादूच्या बाबांचा आवाज आला, खाली, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"आमच्या दादूला चादरीने बांधून रक्त घ्यायचे हो. दर वेळी. मी बाहेर उभा राहायचो, कानांवर हात ठेवून. असं बसवून विचारता येतं हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला."

बाकावर कुणीतरी सरकून जागा करून दिल्याचा आवाज झाला.

आईने ट्यूबवर चिठ्ठी चिकटवली. आता ती स्टँडमध्ये ठेवायची आणि मशीन सुरू करायचं. ती ठेवणार होती, पण तिच्या लक्षात आलं, ट्यूब कोमट आहे. सगळ्याच असतात. अंगातून नुकतंच आलेलं रक्त काही क्षण अंगाइतकंच गरम असतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दिवसाला इतक्या ट्यूब हाताखालून जायच्या, की एकही तिने हातात धरून ठेवली नव्हती.

तिने उजव्या हातातला मोजा काढला, ट्यूब तळव्यात घेतली आणि मूठ मिटली.